विटांच्या भिंतीवर पावसाचे डाग: रंगाच्या डब्याआधी पाण्याची वाट शोधा

डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने आवारातल्या १८ पैकी १४ वसतिगृहं पाडून नवी बांधायचा विचार जाहीर केला आणि जगभरातून विरोध झाला. वास्तुविशारद लुई कान यांनी आखलेल्या उघड्या लाल विटांच्या या इमारती बघायला वास्तुकलेचे विद्यार्थी लांबून येतात. १ जानेवारी २०२१ ला संस्थेने विचार तेवढ्यापुरता मागे घेतला. पण त्यामागची दुखणी खरी होती: भिंतीत मुरणारं पाणी, विटांचे सुटणारे पापुद्रे, आतल्या गंजलेल्या सळया. अहमदाबादेत वर्षाला साधारण ८०० मिमी पाऊस पडतो. पुण्यातही जवळपास तेवढाच. मुंबईत त्याच्या सुमारे तिप्पट आणि महाबळेश्वरला सात पट.

गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांत उघड्या विटांचे बंगले पुष्कळ झाले. दिसायला सुरेख, रंगाचा खर्च नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर मात्र खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळे ओघळ, कठड्याखाली हिरवट पट्टे आणि दिवाळीच्या सुमारास भिंतीवर पांढरी पूड दिसू लागते. मग घरमालक रंगाच्या दुकानात जातो आणि दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला डबा पुढे करतो. बहुतेक वेळा नुकसानाची सुरुवात तिथे होते. डाग कुठल्या पाण्याचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर काहीही फासलं तर तो पुन्हा येतो, आणि येताना वीटही खराब करतो.

वीट पाणी पिते, आणि ते चालतं

भाजलेल्या मातीच्या विटेत बारीक छिद्रांचं जाळं असतं. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साधी वीट २४ तास पाण्यात बुडवली तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये. ३ किलोची कोरडी वीट एका रात्रीत अर्धा लिटर प्यायली तरी ती चांगलीच वीट आहे. ७०० ग्रॅम प्यायली तर कच्ची भाजलेली आहे. हे तुम्ही घरच्या वजनकाट्यावर तपासू शकता, आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी तपासलंच पाहिजे. नखाने ओरखडा उठत असेल, दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज येत नसेल, तर ती वीट आतल्या, गिलावा होणाऱ्या भिंतीसाठी ठेवा. बाहेर उघडी लावू नका.

पाणी पिणं हा विटेचा दोष नाही. जुलैत प्यायलेलं पाणी ऊन पडल्यावर वाफ होऊन त्याच वाटेने बाहेर जातं. त्रास तेव्हा होतो जेव्हा भिंतीला वाळायला वेळच मिळत नाही. त्याची कारणं दोनच. एकाच जागी गरजेपेक्षा जास्त पाणी येतंय, किंवा आलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट कुणी तरी बंद केली आहे.

पूर्वीच्या घरांना हा प्रश्न कमी पडायचा, कारण छपराची वळचण भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे असायची. आढ्याचं पाणी वळचणीला जायचं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. कोकणात पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधत, ती झडीसाठी. आजच्या सपाट गच्चीच्या, चौकोनी घराला वळचणच नाही. कठड्याच्या माथ्यापासून जोत्यापर्यंत सगळी भिंत उघडी, आणि नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा पाऊस थेट तिच्यावर मारतो. म्हणून बहुतेक घरांत दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी खराब होतात. उत्तरेची भिंत भिजते कमी, पण ऊन नसल्यामुळे वाळत नाही, आणि शेवाळ धरते.

डागाचा रंग आणि जागा काय सांगतात

डाग सरसकट ‘ओलीचे’ नसतात. निदान पाच वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

काळे किंवा हिरवे, वरून खाली गेलेले ओघळ हे बहुतेक जिवंत असतात. सूक्ष्म शैवाल आणि बुरशी, त्यांवर बसलेली धूळ आणि गाड्यांची काजळी. जिथून पाणी रोज एकाच रेषेत वाहतं तिथेच ते वाढतात, त्यामुळे ओघळाचं वरचं टोक म्हणजे दोषाची जागा. कोकणात आणि गोव्यात केशरी-तांबडा मखमली थरही दिसतो. त्याला लोक गंज समजतात, पण तेही शैवालच आहे. ब्लीचचा एक थेंब टाकून पाहा: जिवंत डाग काही मिनिटांत फिका पडतो, काजळीचा किंवा गंजाचा पडत नाही.

पांढरी, बोटाला लागणारी पूड म्हणजे लोणा. काही भागांत तिला खार म्हणतात. विटेतल्या मातीत, सिमेंटमध्ये, वाळूत किंवा बांधकामाच्या पाण्यात सल्फेट, कार्बोनेट असे क्षार असतात. पाण्यात विरघळून ते पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून भर पावसात लोणा दिसत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात उमटतो. त्यावर पाण्याचा फवारा मारला की तो लगेच नाहीसा होतो. लोक खूश होतात, पण क्षार पुन्हा विटेत शिरलेले असतात.

पांढरा पण कडक, पाण्याने न जाणारा, दर्जांमधून (विटांमधल्या सांध्यांमधून) किंवा स्लॅबच्या फटीतून ओघळलेला थर हा वेगळा. तो चुनखडीचा. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने दगड झालेला. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर हाच. हा दिसला तर समजा की काँक्रीटमधून पाणी आरपार येतंय. गच्चीचा कोबा किंवा कठड्याचा सांधा तपासा.

तपकिरी-तांबूस डाग लोखंडाचे. ग्रिलच्या टोकाखाली, एसीच्या ब्रॅकेटखाली, टाकीच्या पाइपच्या क्लॅम्पखाली असतील तर दोष किरकोळ आहे. पण छज्ज्याच्या किंवा लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) कडेने आडवी चीर आणि त्यातून तांबूस ओघळ असेल तर आतली सळई गंजून फुगते आहे. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. तिथे साफसफाईत वेळ घालवू नका, आणि खाली कुणाला उभं राहू देऊ नका.

पाचवा प्रकार जमिनीलगतचा. जोत्यापासून वर एक-दीड फुटापर्यंत मातकट, ठिपक्याठिपक्यांचा पट्टा असेल तर ते जमिनीवर आपटून उडालेलं पाणी. तोच पट्टा तीन फुटांपर्यंत चढलेला असेल, वरची कड लाटेसारखी असेल आणि मार्चमध्येही ओला राहत असेल, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. जोत्यावरचा ओलप्रतिबंधक थर नाही किंवा तुटला आहे. बऱ्याचदा तो थर धडधाकट असतो, पण नंतर कुणी तरी भिंतीला लागून बागेची माती त्याच्या वरपर्यंत भरलेली असते. फावड्याने माती ६ इंच खाली उतरवली की काम होतं.

शंका असेल तर तारखा लिहून ठेवा. उन्हाळ्यात वाढणारा डाग पावसाचा नसतो. तो एसीच्या नळीचा, बाथरूमच्या सांध्याचा किंवा गळक्या टाकीचा असतो.

वाट शोधायची कशी

जोराचा पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि फोनवर प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. या वेळात कोरड्या विटेवर ओल्या रेषा ठळक दिसतात. तासाभराने सगळीच भिंत गडद होते आणि काही कळत नाही. मग पाऊस थांबल्यावर २४ तासांनी त्याच जागेवरून पुन्हा फोटो. ज्या जागा अजून गडद आहेत तिथे पाणी जास्त येतंय किंवा वाळत नाहीये.

पावसाळा संपल्यावर नळीने चाचणी करता येते, पण बरेच जण ती उलटी करतात. वरून पाणी मारलं तर सगळंच भिजतं. सुरुवात खालून करा: आधी जोतं, मग भिंत, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, छज्जा आणि शेवटी कठडा. प्रत्येक टप्प्याला १० ते १५ मिनिटं, धार मऊ, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. ज्या टप्प्यावर आत ओल दिसली तिथे थांबा.

आतली ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हेही पाहून घ्या. आतल्या भिंतीवर एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला जमले तर खोलीला वारा हवा आहे.

वाट बदलायची

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष इथे घाला.

दुधाचं पातेलं सावकाश वाकवलं की दूध सरळ खाली पडत नाही, पातेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळतं. पाणीही छज्ज्याच्या आणि खिडकीच्या सिलच्या (खालच्या फरशीच्या) कडेवरून तसंच वागतं. कडेवरून खालच्या बाजूला वळतं, चिकटून मागे येतं आणि भिंतीला लागतं. त्याला तोडायला कडेच्या खालच्या अंगाला एक खाच लागते. गवंडी तिला ‘ड्रिप’ किंवा ‘पट्टी’ म्हणतात. १० ते १२ मिमी रुंद, १० मिमी खोल, बाहेरच्या कडेपासून २५ ते ३० मिमी आत. खाच भिंतीपर्यंत नेऊ नका, टोकाला ५० मिमी आधीच थांबवा, नाहीतर खाचेतलंच पाणी भिंतीवर उतरेल.

नव्या बांधकामात शटरिंगला पट्टी ठोकून ही खाच फुकट होते. जुन्या छज्ज्यात अँगल ग्राइंडरने दोन समांतर रेषा मारून मधला भाग छिन्नीने काढतात. पण सळईवरचं काँक्रीट कमी असेल तर पातं सळईला लागेल आणि पुढच्या काही वर्षांत तिथूनच गंज सुरू होईल. खात्री नसेल तर कापूच नका. १२ मिमीची ॲल्युमिनियमची एल-पट्टी खालच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंटने चिकटवा. काम तेच होतं.

खिडकीच्या सिलला तीन गोष्टी हव्यात. भिंतीच्या पुढे किमान ५० मिमी बाहेर असावी, बाहेरच्या बाजूला उतार असावा (१५० मिमी रुंद सिलला सुमारे १५ मिमी) आणि खाली ड्रिप असावी. चौथी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहते, आणि दोन्ही कोपऱ्यांखालचे ते काळे ओघळ तिच्यामुळेच असतात. कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची सिल खिडकीच्या रुंदीएवढीच कापलेली असते, त्यामुळे काचेवरून आलेलं सगळं पाणी दोन टोकांना जमतं आणि बाजूने विटेवर उतरतं. सिल दोन्ही बाजूंना ७५ ते १०० मिमी भिंतीत घुसलेली हवी. जुन्या खिडकीत फरशी बदलायची नसेल तर सिलच्या दोन्ही टोकांवर १० मिमी उंचीची दगडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी सीलंटवर बसवा, म्हणजे पाणी समोरूनच पडेल. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं रंगाने किंवा सिलिकॉनने बुजली नाहीत ना, तेही पाहा.

कठड्याचा माथा हा घरातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वरून कुणी पाहत नाही, आणि तो उघडा असेल तर विटांच्या उभ्या सांध्यांतून पाणी थेट भिंतीच्या पोटात उतरतं. माथ्यावर दगडाची, फरशीची किंवा आरसीसीची झाकणी हवी, दोन्ही बाजूंना ४० मिमी बाहेर, दोन्ही बाजूंना ड्रिप, आणि उतार गच्चीकडे. बाहेरच्या बाजूला उतार दिला की माथ्यावर वर्षभर साचलेली धूळ पहिल्याच पावसात दर्शनी भिंतीवर ओघळते. झाकणीच्या फरश्यांचे सांधे दोन-तीन वर्षांनी तपासावे लागतात, कारण उन्हाने फरशी हलते आणि सिमेंट तडकतं. तिथे लवचीक सीलंट टिकतं.

गच्चीच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकाप्रमाणे तासाला १०० मिमी पावसात १०० मिमी व्यासाचा एक पाइप साधारण ४२ चौरस मीटर छताचं पाणी नेतो, ७५ मिमीचा पाइप फक्त २० चौरस मीटरचं. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीला १०० मिमीचे निदान तीन पाइप हवेत. एकाच पाइपवर भागवलेलं असेल तर जोराच्या पावसात गच्ची तुंबते आणि पाणी कठड्याच्या बुडाशी सांध्यात शिरतं. कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यातली गोल वाटा (सांध्यावर दिलेली सिमेंटची गोलाई) फुटली असेल तर तिथून आत. पाइप भिंतीला टेकवून बसवू नका, क्लॅम्पने २५ मिमी तरी मोकळी जागा ठेवा, कारण सांधा गळला तर त्याचं पाणी विटेवर न येता पाइपवरूनच खाली जावं. तोंडावरची जाळी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ करा. पिंपळाचं रोप दिसलं की लहान असतानाच मुळासकट काढा. वरून कापलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो.

जमिनीलगत उडणाऱ्या पाण्यासाठी भिंतीपासून दीड-दोन फूट रुंद, चार इंच खोल पट्टा खडीने भरा. खडीवर थेंब फुटतो, उडत नाही. जिथे काँक्रीटचं जोतं-संरक्षण (जोत्याभोवतीचा काँक्रीटचा पट्टा) आहे तिथे त्याचा उतार घरापासून बाहेर, निदान १:५० हवा. एका मीटरला २ सेंटिमीटर.

दर्जा: पाणी विटेतून कमी, सांध्यातून जास्त शिरतं

विटांमधल्या सांध्यांना दर्जा म्हणतात आणि ते भरणं म्हणजे दर्जा भरणं किंवा पॉइंटिंग. आजकाल खोल दर्जाची हौस आहे, विटांची सावली छान पडते म्हणून. पण १० मिमी आत गेलेली दर्जा म्हणजे प्रत्येक विटेच्या माथ्यावर पाणी थांबायला केलेली फळी. भरपूर पावसाच्या गावात दर्शनी भिंतीला ती करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर्जा विटेच्या तोंडाला लागून, किंचित आत वळलेली, लोखंडी सळईने किंवा पाइपच्या तुकड्याने घासून घट्ट केलेली असावी.

दुरुस्तीची पद्धत अशी. सैल झालेली दर्जा छिन्नीने २० मिमी खोल खरवडा. रुंद पात्याचा ग्राइंडर उभ्या सांध्यांत वापरला की विटांच्या कडा कापल्या जातात, तिथे हातानेच करा. ब्रशने धूळ काढा, आदल्या दिवशी भिंत भिजवा, काम करताना ओलसर असावी पण पाणी दिसू नये. मसाला १ भाग सिमेंट, १ भाग भिजवलेला चुना, ६ भाग चाळलेली वाळू, सगळं मापाने. १० चौरस मीटर भिंतीला अर्धं घमेलं सिमेंट, अर्धं चुना आणि तीन घमेली वाळू साधारण पुरते. दोन थरांत भरा, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. सात दिवस दिवसातून तीनदा हलका फवारा. पाइपने धो-धो पाणी मारू नका, मसाला विटांवर ओघळतो आणि तो डाग पावसाच्या डागापेक्षा चिवट असतो.

वाळू खाडीची नको, आणि बोअरचं पाणी मचूळ असेल तर तेही नको. दोन्हींतून क्षार येतात आणि पुढच्या ऑक्टोबरला लोणा फुलतो. घाऊक विटा घेताना एक सोपी परीक्षा करा: ताटलीत इंचभर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी, त्यात वीट उभी करा आणि पाणी सुकू द्या. पुन्हा तेवढंच पाणी घालून पुन्हा सुकू द्या. पृष्ठभागाच्या दहाव्या भागापेक्षा कमी पांढरं झालं तर वीट चांगली. अर्ध्याहून जास्त झालं तर ट्रक परत पाठवा.

मग धुवायचं

वरची कामं झाल्यावरच. आधी धुतलं तर दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

शैवालासाठी बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक सगळ्यात बरं. ५० टक्क्यांचं द्रावण मिळत असेल तर लिटरभर पाण्यात ३० मिली. कोरड्या भिंतीवर फवारा, आठवडाभर राहू द्या, मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून धुवा. घरगुती ब्लीचही चालतं, एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी. त्यासाठी भिंत आधी भिजवा, १५ मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन काढा, कारण मागे राहिलेलं मीठ लोणा आणतं. झाडं प्लास्टिकने झाका. विहिरीत घालतात ती टीसीएल पावडर वापरू नका, तिच्यातला चुना विटेवर पांढरा थर सोडतो. तारेचा ब्रश मुळीच नको. त्याचे तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजतात.

लोणा आधी कोरडाच झाडायचा, खाली प्लास्टिक पसरून, पूड गोळा करून फेकायची. हे दर आठवड्याला करा. नव्या घरात दोन-तीन वर्षांत तो आपोआप कमी होत जातो, पाण्याची वाट बंद झाली असेल तर. चिवट जागी मुलतानी माती आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून २० मिमी जाड लेप लावा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना तो क्षार आपल्याकडे ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं.

गंजाच्या डागाला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि मुलांच्या हाती लागता कामा नये.

संडास साफ करायचं ॲसिड वापरलं तर? लगेच चमकतं

चमकतं, कारण ते विटेचा आणि सिमेंटचा वरचा थर खाऊन टाकतं. भट्टीत तयार झालेलं विटेचं कडक तोंड गेलं की आतली मऊ माती उघडी पडते आणि ती दुप्पट पाणी पिते. दर्जा पोकळ होतात. ॲसिडमधलं क्लोराइड आत शिरून जवळच्या सळईला गंज आणतं. काही फिक्या विटांवर ॲसिडने पिवळे-हिरवे डाग उमटतात, ते मग जात नाहीत. आणि ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, जो जीव घेऊ शकतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच भिंतीवर कधीच नको. उच्च दाबाच्या पाण्याच्या यंत्राचंही तसंच. वापरायचंच तर पंख्याच्या आकाराची तोंडी लावून, कमी दाबावर, फूटभर लांबून.

मग वॉटरप्रूफ रंग किंवा गिलावा करून प्रश्नच मिटवला तर?

चकाकणारा पारदर्शक लॅकर आणि विटकरी रंगाचा ऑइलपेंट हे दोन्ही भिंतीवर पडदा तयार करतात. पाऊस समोरून शिरत नाही हे खरं, पण कठड्यातून, सिलमधून आणि तडकलेल्या दर्जेतून शिरतोच, आणि आता त्याला बाहेर पडायला जागा नाही. क्षार पृष्ठभागावर येण्याऐवजी पडद्याच्या मागे, विटेच्या आत स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा करून घेतात आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. रंग फुगलेला दिसतो, खरवडला की मागे भुगा. हे दुखणं लोणा येण्यापेक्षा फार वाईट, कारण पूड झाडता येते, सुटलेलं तोंड परत बसवता येत नाही.

गिलावा चालतो, पण पाण्याची वाट तशीच ठेवून केला तर तोही चार-पाच वर्षांत पोकळ होतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतींना तर सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटची दर्जा करूच नये. सिमेंट कठीण आणि बंद, जुनी वीट मऊ. पाणी बाहेर पडायला सिमेंटऐवजी विटेचीच वाट धरतं आणि काही वर्षांत दर्जा शाबूत, विटा खोल झिजलेल्या असं उलटं चित्र दिसतं. तिथे चुन्याचाच मसाला हवा, आणि चुना जाणणारा गवंडी. कोकणातल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीलाही हाच नियम लागू होतो. चिरा विटेपेक्षा जास्त सच्छिद्र असतो आणि काळा पडणं हा त्याचा स्वभाव आहे. त्यावर जाड रंग चढवण्यापेक्षा छप्पर पुढे काढणं केव्हाही श्रेयस्कर.

काहीच लावायचं नाही का?

लावता येतं, पण सगळ्यात शेवटी. सिलेन-सिलोक्सेन नावाचं द्रावण मिळतं. ते विटेवर थर करत नाही, छिद्रांच्या भिंतींना आतून पाणी नकोसं करतं. थेंब शिरत नाही, वाफ मात्र बाहेर येते. दुकानात ‘ब्रीदेबल वॉटर रिपेलंट’ म्हणून मागा. डब्यावर सिलेन किंवा सिलोक्सेन हा शब्द नसेल आणि ‘ग्लॉसी फिनिश’ लिहिलं असेल तर तो डबा परत द्या. केसाएवढ्या चिरा त्याने झाकल्या जातात, अर्धा मिमीची चीर नाही. लोणा चालू असलेल्या किंवा ओल्या भिंतीवर ते लावलं तर ते पडद्याइतकंच घातक ठरतं.

म्हणून कामाचा क्रम ऋतूला धरून ठेवा. पावसात निरीक्षण, ऑक्टोबर-नोव्हेंबरला लोणा झाडणं आणि खुणा करणं, डिसेंबर ते फेब्रुवारी कठडा, सिल, ड्रिप आणि दर्जा, मार्चमध्ये धुणं. ९ इंची भिंत भिजली की आतून वाळायला काही महिने लागतात, त्यामुळे धुतल्यानंतर निदान तीन-चार आठवडे कडक ऊन मिळू द्या. द्रावण एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, सकाळी, भिंत तापण्याआधी. खालून वर, दोन हात, दुसरा हात पहिला ओला असतानाच. आधी एका कोपऱ्यात एक चौरस मीटरवर लावून आठवडाभर पाहा, काही विटा त्याने गडद दिसतात.

लावल्यावर त्या जागेवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा थांबला पाहिजे. दर मे महिन्यात चार-पाच जागी हीच चाचणी करा, दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीवर आधी. थेंब पसरून वीट गडद होऊ लागली की फक्त त्याच भिंतीला पुन्हा एक हात द्या.